पासंग

सोळा वेळा भेटायचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं.
वाशी, सेक्टर सतरा, चष्म्याच्या दुकानावरचा जिना,
मंगळवार, संध्याकाळी सात.
हिंदुराव शेडगे, वय बावन्न, कांदा-बटाटा मार्केटात मापाडी.
छातीत कळ. ईसीजी दोनदा काढला, दोन्ही साफ.
डॉक्टर म्हणाले, त्या बाईंकडे जाऊन बसा जरा.
ते बसले. खुर्चीच्या कडेवर,
आणि टेबलाखाली पायाने एक पिशवी सरकवली.
"दोन किलो आहेत. सुके, टिकतील."

मी घेतली नाही.
दुसऱ्या मंगळवारी लसूण. तिसऱ्या मंगळवारी तळेगावचे बटाटे.
फी तर देताच की, म्हटलं.
"ती खुर्चीची, बाई. ऐकायचं वेगळं."

हर्नियाच्या ऑपरेशननंतर
नेरूळच्या हॉस्पिटलातून ते एकटेच रिक्षाने घरी आले होते.
सुट्टी कधी मिळणार, कुणाला कळवलं नाही.
आणि न्यायला कुणी आलं नाही म्हणून
शालनशी एकवीस दिवस बोलले नाहीत.

मी वहीत एक वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
पुस्तकं त्याला गाभ्यातला संघर्ष म्हणतात.
पाचव्या मंगळवारी वाचून दाखवलं:
कुणीतरी आपलं करावं असं वाटतं,
आणि मागितलं तर आपण जड होऊ, असंही.
ते बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिले.
"आमच्यात याला पासंग म्हणतात.
पारड्यात अजून काहीच नाही, तरी एक बाजू खाली.
मग दोरीला खडा बांधायचा.
गिऱ्हाईक माल बघतं. खडा कोण बघतंय?
आता काटे इलेक्ट्रॉनिक. शब्द तेवढा राहिला."

खडा शोधत गेलो आम्ही.
नऊ वर्षांचे होते. ढेबेवाडीहून हेळवाकला, मामाकडे शाळेला.
एसटीच्या खिडकीशी वडील: दिवाळीला येतो न्यायला.
कुठली दिवाळी, ते सांगितलं नव्हतं.
मामीकडे ताटात दीड भाकरी, भूक अडीचची.
मागितली नाही.
उलट न सांगता सरपण आणायचे, गरजेहून जास्तच.
मी टेबलाखालच्या पिशवीकडे पाहिलं.
त्यांनीही पाहिलं.
तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं मी. राहून गेलं.

अकराव्या मंगळवारी वीस मिनिटं उशीर.
"पाच राहिले ना?"
हो.
"म्हणजे तुम्हीपण मोजूनच देता."
आवाज एवढा चढला की जिन्यातलं कुत्रं उठून गेलं.
वाढवू या दोन-चार, हे माझ्या ओठांपर्यंत आलेलं.
तो माझा खडा. मला नाही म्हणता येत नाही,
माणूस उठून जाईल असं वाटतं;
बेलापूरला एका ज्येष्ठ बाईंसमोर बसून
मी दर महिन्याला तो तपासून घेते.
गिळलं.
म्हटलं, मोजूनच देते. माझ्यावर रागवा.
मी इथेच आहे, आठपर्यंत.

रडतील असं मला वाटलं होतं. रडले नाहीत.
"दीड भाकरी," म्हणाले, एवढंच,
आणि पहिल्यांदा पाठ टेकून बसले.

पंधराव्या वेळी सांगत होते:
"परवा शालनला म्हटलं, डोकं चेपतेस का जरा?
ती म्हणाली, हात पिठाचे आहेत, थांबा.
थांबलो.
पाच मिनिटं असतील. लई लांब पाच मिनिटं, बाई.
उठून गच्चीवर जाणार होतो. दोनदा चप्पल घातली."

सोळाव्या मंगळवारी पिशवी होती, पण मांडीवर.
शालनने सांगितलेली कोथिंबीर, घरी न्यायची.
आठ वाजले. उठले. दाराशी घुटमळले.
"जिन्यातला दिवा गेलाय.
खालपर्यंत येता का?"

गेले.
मी मोबाइल धरला, ते कठड्याला धरून एकेक पायरी.
मधल्या वळणावर थांबले, दम खायला.
"कळ येते अजून," म्हणाले.
"कमी. पण येते."